पान उलटून पाहा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशीचं पान लाल पडलं की आपण काय करतो? पान उलटून पाहतो. खाली तुडतुडे असले तर फवारणी करतो. तुडतुडे नसले, मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडून लाल्या आला असला, तर कीटकनाशकाचा पैसा मातीत जातो. रंग एक, कारणं दोन.

छातीच्या दुखण्याचंही असंच आहे. हटत नाही असा खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणं, अंगात कसर. हे टीबीत होतं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरातही होतं. एक्स-रेमधला डागसुद्धा सारखा दिसू शकतो.

आमचा एक जुना सोबती पंचवीस वर्षं बिडी ओढत होता. खोकला लागला. नुसता एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकी कुणी तपासलीच नाही. पाच महिने तो खंगत गेला, आणि आम्ही त्याला सांगत राहिलो, "गोळ्या पुऱ्या कर, उतार पडेल." शेवटी शहरात सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. तोवर फार उशीर झाला होता. चूक आमचीही होती. पान उलटून पाहा, असं आम्ही कुणालाच म्हटलं नाही.

म्हणून आज सांगतो. खोकला दोन आठवडे टिकला की थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि टीबीची औषधं फुकट मिळतात. जंतू सापडले तर औषध पुरं करा, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. जंतू सापडले नाहीत, किंवा औषध घेऊनही उतार नाही, तर गप्प बसू नका. औषधाला न जुमानणारा टीबी असेल किंवा कॅन्सर असेल. माणूस बिडी ओढणारा असला, आवाज बसला असला, मानेत गाठ आली असली, तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. कॅन्सरचा निकाल तुकडा तपासूनच लागतो. सुईच्या भीतीनं ती तपासणी टाळू नका.

उलटंही घडतं. डाग पाहून घरानं कॅन्सरची हाय खाल्ली, आणि निघाला टीबी, औषधानं बरा होणारा.

अडत्याकडून पट्टी घेतल्याशिवाय आपण बाजार सोडत नाही. दवाखान्यातही डॉक्टरचा मान ठेवून विचारा, पण विचारा: थुंकीच्या तपासणीचा कागद कुठं आहे?