अर्ज टेबलावर किती दिवस?



स्वागत समितीच्या वतीने सावनेरात आपलं मनापासून स्वागत. कोलार नदीकाठचं हे गाव संत्र्याचं आणि कोळशाचं. राम गणेश गडकऱ्यांनी 1919 साली अखेरचा श्वास घेतला तो इथेच, म्हणून साहित्यप्रेमी मंडळी सावनेरला येतात. दफ्तराच्या कामावर बोलायला तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद व ग्रामपंचायतींतून एवढी माणसं जमली, याचाही मला तेवढाच आनंद आहे.

हे काम सुधारायला पैसा अपुरा आहे, हे धरूनच बोलू. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतींचा 60 टक्के निधी 2021-26 या काळात पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. उरलेला पगारावर किंवा आस्थापनेवर खर्चता येत नव्हता. नवा माणूस त्यातून मिळणार नव्हता. तरीही 1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अभिलेख लावून, बसण्याची व्यवस्था आणि कामाची पद्धत बदलून कार्यालयाचा कायापालट केला. ‘लखिना पॅटर्न’ अजून सांगितला जातो तो त्यामुळेच.

आपल्या हाताशी वर्कशीट आहे. आलेला प्रत्येक कागद तिच्यात चढवायचा, निकाली निघाला की तारीख टाकायची आणि आठवड्याचा गोषवारा साहेबांपुढे ठेवायचा: मागील शिल्लक, आवक, निकाली, अखेर शिल्लक, त्यातली महिन्यावरची किती, तीन महिन्यांवरची किती. प्रत्येक टेबलाचं सगळं काम एका पानावर दिसतं. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल याच पानांवरून लिहिला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. मार्चअखेर आठवून आठवून दिलेल्या शेऱ्याने मन लावून काम करणाऱ्याचं नुकसानच होतं. आणि तपासणीच्या आदल्या रात्री भरलेली वर्कशीट तर कोणाच्याच कामाची नाही.

2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात विलंबाला 500 ते 5000 रुपये दंड आहे. नागरिकाच्या बाजूने तो हवाच. पण दोन सज्जे सांभाळणाऱ्या तलाठ्याची शिल्लक एकच सज्जा असलेल्याशी ताडून पाहणं हा अन्याय आहे. म्हणून रिक्त पदं आणि अतिरिक्त कार्यभार त्याच गोषवाऱ्यावर, शिल्लकेच्या शेजारी लिहिले जावेत. असा ठराव या परिषदेने करावा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

दुपारच्या सत्रात गटचर्चा आहे. आपापल्या टेबलाचा खरा आकडा तिथे मोकळेपणाने मांडा. अध्यक्षांनी आता कामकाज सुरू करावं, ही विनंती.