गेज बदलला, उतराउतर थांबली नाही
(परंडा येथील बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून भाव, वीज, पीकविमा सगळे बोलून झाले. आता मी रेल्वेवर बोलणार म्हटल्यावर मागे कोणीतरी हसले. बरोबर आहे. परंड्यात रेल्वे नाही. ज्याच्या रानात विहीर नाही त्याने मोटारीच्या अश्वशक्तीवर काय बोलायचे! तरी बोलतो, कारण हा विषय सरळ आपल्या खिशातला आहे.

आपल्या शेजारची बार्शी लाईट रेल्वे कशासाठी निघाली? कापसासाठी. मुंबईकडून सोलापूरला जाणारा मोठा लोहमार्ग 1860 साली झाला, पण तो बार्शीला शिवला नाही. कापूस बैलगाडीने बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने खाजगी कंपनी काढून 1897 साली कुर्डुवाडी-बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. पुढे ती 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. रूळ हलके, खर्च कमी. कंपनीला परवडले.

पण गोम इथेच आहे. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. म्हणून लातूरची, बार्शीची प्रत्येक गाठ कुर्डुवाडीला उतरवायची आणि मोठ्या डब्यात भरायची. हमाली, तूट, थांबलेल्या मालाचे व्याज हे सगळे कोणाच्या बोकांडी? व्यापारी आपल्या पदरचे घालत नाही. खरेदीचा भाव ठरवतानाच तो एवढे धरून चालतो. म्हणजे रुळाच्या रुंदीतला फरक शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होत होता, आणि त्या पट्टीवर तो कुठे लिहिलेला नसे.

1954 साली सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. रुंदीकरण होऊन मोठी गाडी लातूर-कुर्डुवाडी धावायला 2008 उजाडले. शंभराच्या वर वर्षे! एक चांगले झाले. जुनी लाईन येडशीवरून, जिल्ह्याच्या गावाला बाजूला ठेवून जात होती. नवी धाराशिव शहरात आणली. म्हणजे लाईन कुठून न्यायची ही काही ब्रह्मदेवाची रेघ नाही, मागणाऱ्यांच्या जोरावर ती हलते.

एक गेज असल्याचा अर्थ आपल्याला एप्रिल 2016 मध्ये कळला. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तीनशेच्या वर किलोमीटर पाणी गेले आणि वाटेत कुठे उतरवावे लागले नाही.

आता माणसांकडे या. मालाची उतराउतर थांबली, माणसांची थांबली का? परंड्याचा माणूस एसटीने बार्शीला किंवा कुर्डुवाडीला, तिथे रात्र फलाटावर, मग जी मिळेल ती गाडी पुण्या-मुंबईला, आणि तिथून पुढची. बरोबर म्हातारी आई असेल, मुंबईला टाटामध्ये दाखवायची असेल, तर काय हाल होतात ते इथे बसलेल्या कितीतरी जणांना माहीत आहे.

आपले कामही लांबच असते. कपाशीची संशोधन संस्था नागपूरला, ज्वारीची हैदराबादला, आपले कृषी विद्यापीठ परभणीला. आपल्या लाईनवरून नागपूर-कोल्हापूर गाडी जाते, पण आठवड्यातून दोन दिवस. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस नागपूर, गया जोडते, तीही आठवड्यातून एकदा. अशी गाडी म्हणजे कालव्याचे आवर्तन. पिकाला पाणी पाहिजे तेव्हा येत नाही, आणि येते तेव्हा पीक वाळलेले असते. रोजची गाडी असेल तरच माणूस तिच्या भरवशावर काम काढतो. मग साहेब म्हणतात, या स्टेशनवर तिकिटेच खपत नाहीत. गाडी नाही म्हणून लोक लक्झरीने जातात, आणि लोक लक्झरीने जातात म्हणून गाडी नाही!

2017 साली मुंबई-लातूर गाडी बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. त्यांचा राग समजतो. जागा तेवढ्याच आणि बसणारे दोन जिल्ह्यांचे. पण बीदरचा शेतकरी काय आपला वैरी आहे? एका भाकरीवर दोन भावांना भांडायला लावायचे, ही दिल्लीची जुनी रीत. मागायची ती दुसरी भाकरी.

दौंड-सोलापूर-वाडी दुहेरी मार्ग 2022 साली पूर्ण झाला. लातूरला तर रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना उभा आहे. तेव्हा मार्ग मोकळा नाही, डबे नाहीत ही सबब आता ऐकून घ्यायची नाही.

आपली मागणी मोठ्या घोषणेची नाही. परंड्याला नवा मार्ग द्या असे मी म्हणत नाही. सर्व्हेच्या खुंट्या पाहण्यात अहमदनगर-बीड-परळीवाल्यांची पिढी गेली, 1995 साली मंजूर झालेल्या मार्गावरून बीडला गाडी यायला 2025 साल लागले. आपण म्हणायचे, नागपूर-कोल्हापूर गाडी रोज करा. तिला बिनआरक्षणाचे डबे जास्त लावा, कारण आपला माणूस दोन महिने आधी तिकीट काढत नाही, पाऊस पाहून निघतो. आणि परंड्याहून कुर्डुवाडीला एसटी गाडीच्या वेळेला लावा. हे शेवटचे तर दिल्लीला विचारायचेही काम नाही, आगारातच होते.

एक अडचण आहे. बार्शी आणि परंडा एका खासदाराकडे, कुर्डुवाडी माढ्याच्या खासदाराकडे. एकाकडे गेलो की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून निवेदन दोघांना एकाच दिवशी द्यायचे, आणि तिसरी प्रत सोलापूरच्या रेल्वे विभागीय कार्यालयात, पोच घेऊन. रेल्वेच्या विभागीय सल्लागार समितीत शेतीच्या संघटनांना जागा असते. ती कोणाकडे आहे याची चौकशी करा.

आणखी एक. नवा थांबा रेल्वे बहुधा सहा महिने प्रायोगिक म्हणून देते आणि तिकिटे मोजून ठेवते किंवा काढते. थांबा मिळाला तर फुकट बसू नका. तुमचे तिकीट हीच तिथली सही.

निवेदनाचे कागद दारापाशी टेबलावर ठेवले आहेत. सही करताना गाव लिहा, आणि गेल्या वर्षात घरातले कोण, कुठे, कशासाठी लांबच्या प्रवासाला गेले तेही लिहा. बायांनी स्वतः लिहावे, नवऱ्याने त्यांच्या वतीने नको. दवाखान्याच्या फेऱ्या त्यांनाच पाठ असतात.