मंदबुद्धी कोण, हे ठरविते कोण?



एखादे मूल मागे पडते, तेव्हा त्याविषयीची पहिली नोंद वर्गशिक्षकाच्या लेखणीतून उतरते. ह्या नोंदीचे पुढे काय होते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून पाहण्याजोगे आहे.

तेथे शिक्षकाने नाव सुचवावे, मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमापन करावे आणि बुद्ध्यंक कमी भरल्यास मुलास मंदबुद्धींच्या निराळ्या वर्गात बसवावे, अशी रीत होती. त्या वर्गातील अभ्यासक्रम इतका तोकडा, की आत गेलेले मूल सहसा परत येत नसे. १९७० साली कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांचा दावा न्यायालयापुढे आला. मुले स्पॅनिशभाषी, परीक्षा मात्र इंग्रजीतून! स्पॅनिशमधून पुन्हा तपासताच त्यांतील बहुतेकांचे बुद्ध्यंक मंदबुद्धीच्या मर्यादेबाहेर गेले.

पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. शहरातील शाळांत ही मुले शेकडा सुमारे २९. मंदबुद्धींच्या वर्गांत मात्र शेकडा ६६. प्रश्न कसे असत, पहा. आपणाहून लहान मुलाने मारामारी काढल्यास काय करावे? उलट मारू नये, हे उत्तर बरोबर. ज्या वस्तीत स्वतःचा बचाव स्वतःच करणे भाग, तेथील मुलाने निराळे सांगितले तर त्यात त्याची बुद्धी उणी कशी? न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम ह्यांनी १९७९ साली निकाल दिला, की कृष्णवर्णीय मुलांस अशा वर्गांत घालण्यासाठी ह्या चाचण्या वापरू नयेत.

मुलींच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. तेथे विशेष शिक्षण घेणाऱ्यांत सुमारे दोन तृतीयांश मुलगेच. मुलींना अडचणी नसतात काय? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या कनेक्टिकटमधील एका अभ्यासात शाळांनी वाचनदोषी म्हणून निवडलेल्यांत मुलगे मुलींच्या अनेक पट होते. पण संशोधकांनी सर्व मुलांचे वाचन स्वतः तपासले, तेव्हा हे प्रमाण जवळजवळ सारखे भरले. दंगा करणारा मुलगा शिक्षकाच्या डोळ्यांत भरतो. खाली मान घालून बसलेली मुलगी वाचता येत नसताही वरच्या वर्गात ढकलली जाते.

तरी घरी भिली, कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलाविषयी शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या भाषेत प्रश्न विचारवून घ्यावा. आणि हजेरीखेरीज जिचे नाव वर्गात घ्यावे लागत नाही, अशा प्रत्येक मुलीस ह्याच महिन्यात जवळ बसवून एखादा न शिकविलेला उतारा मोठ्याने वाचावयास द्यावा.