केसपेपरवरचा पहिला प्रश्न



सर्वप्रथम तुम्हा सर्वांचं मनःपूर्वक अभिनंदन. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार अशा वेगवेगळ्या शाखांचे झगे आज या सभागृहात दिसत आहेत. उद्यापासून मात्र तुम्ही सगळे एकाच वॉर्डात उभे असाल. मागच्या रांगांत बसलेल्या आईवडिलांचंही अभिनंदन. या पदवीचे हप्ते कुणी भरले, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

दीक्षान्त समारंभात उपदेश करण्याची रीत आहे. मी उपदेशाऐवजी एक केस मांडतो. ती आहे दक्षिण कोरियातली, 2015 सालची.

तिची सुरुवात त्याआधी तीन वर्षं झाली. जून 2012 मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात एक साठ वर्षांचा रुग्ण न्यूमोनियाने दाखल झाला. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आणि तो दगावला. तिथले विषाणुतज्ज्ञ डॉ. अली मोहम्मद झाकी यांना नेहमीच्या चाचण्यांत काहीच सापडेना. त्यांनी नमुना नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तपासणीसाठी पाठवला. तो निघाला नवा कोरोनाविषाणू. सप्टेंबरमध्ये झाकींनी ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांना उघडपणे कळवली. याच आजाराला पुढे मर्स म्हणू लागले. हा विषाणू पाठीवर एकच मदार असलेल्या उंटांत वस्ती करून असतो. उंटाला फार तर सर्दी होते. माणसांत मात्र निदान पक्कं झालेल्या दर तिघांपैकी साधारण एक जण मरण पावला आहे.

मर्स बाजारात, रस्त्यावर फारसा पसरत नाही. तो पसरतो रुग्णालयात. 2013 मध्ये सौदीतल्या अल-हसा भागात तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेला तो डायलिसिसच्या खोल्यांतून आणि अतिदक्षता विभागातून. माणूस बरा व्हायला जिथे येतो, तिथेच त्याने आजार घेतला.

आता कोरिया. 68 वर्षांचे एक गृहस्थ आखाती देशांचा दौरा करून 4 मे 2015 रोजी घरी परतले. 11 तारखेला ताप आला. एक दवाखाना झाला, मग प्योंगटेक शहरातलं एक रुग्णालय झालं, मग आणखी एक दवाखाना. खोकला वाढतच होता. अखेर ते सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरमध्ये आले. तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाची विचारपूस केली आणि मर्सची शंका सरकारी यंत्रणेला कळवली. रुग्णाने सांगितलेल्या बहारीनमध्ये मर्स नाही, म्हणून यंत्रणेने आधी चाचणीला आढेवेढे घेतले. डॉक्टर हटले नाहीत. 20 मे रोजी निदान पक्कं झालं. एका प्रश्नाने रोग पकडला, असं इथवर म्हणता येतं.

पण याच रुग्णालयात पुढच्याच आठवड्यात काय झालं ते ऐका.

प्योंगटेकमध्ये पहिल्या रुग्णाच्याच मजल्यावर, वेगळ्या खोलीत, एक पस्तीस वर्षांचा तरुण दाखल होता. संपर्क कुणाला मानायचा, याचा नियम तेव्हा होता दोन मीटरच्या आत, तासभर. खोली वेगळी, म्हणून या तरुणाचं नाव यादीत आलंच नाही. ताप उतरेना, तेव्हा तो बसने सोलला गेला आणि सॅमसंगच्या आपत्कालीन विभागात 27 ते 29 मे असा तीन दिवस खाटेची वाट बघत राहिला. या काळात त्या विभागात रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी मिळून दीड हजारांहून जास्त माणसं येऊन गेली. त्यांतल्या 82 जणांना त्याच्याकडून लागण झाली: 33 रुग्ण, 41 नातेवाईक व भेटायला आलेले, 8 कर्मचारी.

त्या डॉक्टरांनी या वेळी विचारलं नव्हतं का? विचारून उपयोग नव्हता. हा तरुण परदेशात गेलाच नव्हता. विचारायला हवं होतं ते हे, की तू याआधी कोणत्या रुग्णालयात होतास. आणि त्याने ते सांगितलं असतं, तरी ऐकणाऱ्याच्या मनात घंटा वाजली नसती. कारण रुग्णालयांची नावं सरकारने जाहीरच केली नव्हती. लोक घाबरतील, रुग्णालयांचं नुकसान होईल, अशी कारणं होती. नावं जाहीर झाली 7 जूनला. तोवर साथ अनेक रुग्णालयांत शिरली होती. एकूण 186 रुग्ण, 38 मृत्यू, आणि सोळा हजारांहून अधिक लोक विलगीकरणात.

त्या 41 जणांकडे जरा थांबून बघा. कोरियात रुग्णाची सेवा घरचेच करतात, त्याच्या उशाशी बसतात, रात्री तिथेच झोपतात. एका खोलीत अनेक खाटा असतात. चांगल्या डॉक्टरच्या शोधात लोक या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरतात. ओळखीचं वाटतं ना? आपल्या सरकारी रुग्णालयातली दुपारी चारची वेळ आठवा. पास एकाचा, आत माणसं चार, एकाच्या हातात डबा, दुसऱ्याच्या हातात एक्स-रेचं पाकीट, आणि खाटेखाली चटईवर आजी. ही माया आहे, तिला हाकलायचं नाही. सिस्टर दोन वॉर्डांना पुरेनाशा झालेल्या असताना हीच माणसं रुग्णाला पाणी पाजतात. पण वॉर्ड कसा लावायचा, कुणाला कुठे बसवायचं, खोकणारा माणूस कॅज्युअल्टीच्या दारातच कसा वेगळा करायचा, हे ठरवणं आता तुमच्या हातात आहे.

कोरियाने या धड्याची किंमत मोजली आणि तो गिरवलाही. साथीची माहिती तातडीने उघड करण्याची तरतूद कायद्यात आली. आपत्कालीन विभागाच्या दाराशीच तापाच्या रुग्णांची छाननी सुरू झाली. नव्या आजाराच्या चाचणीला आणीबाणीत झटपट मान्यता देण्याची सोय झाली. म्हणूनच 2020 मध्ये कोविडची चाचणी तिथे फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात मंजूर झाली.

कोविडने अर्थात एक कठीण गोष्ट शिकवली. मर्सचा रुग्ण बहुधा आजारी दिसतो. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याआधीच माणूस विषाणू पसरवतो. तिथे प्रश्न विचारणं पुरत नाही, हवा खेळती ठेवावी लागते. 2003 मध्ये हनोईत सार्सची साथ आली तेव्हा बाख माई या सरकारी रुग्णालयाने मोठ्या खिडक्या उघड्या ठेवल्या, मास्क वापरले, इतर काळजी घेतली, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांत सार्स पसरला नाही. आपल्या जुन्या जिल्हा रुग्णालयांना उंच छत आणि समोरासमोर खिडक्या असतात. कुणी तिथे वातानुकूलन यंत्र लावायला खिडक्या बंद करू लागला, तर आधी तुमचं मत विचारात घ्यायला लावा.

आता प्रश्न कसा विचारायचा, याबद्दल. मार्च 2020 मध्ये आपल्याकडे घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हाताच्या पंजावर शाईचा शिक्का मारला जाई. हेतू चांगला होता. पण शिक्का दिसताच माणसांना रेल्वेतून उतरवल्याच्या बातम्याही आल्या. ज्याने हे पाहिलं, तो पुढच्या वेळी ताप आला तर सांगेल की लपवेल? रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतला कमावता माणूस आज आखातात आहे. तो सुटीवर आला, खोकत तुमच्या ओपीडीत आला, तर ‘कुठून आलात?’ हा प्रश्न पोलिसाच्या सुरात विचारू नका. ज्याला शिक्षेची भीती वाटते तो खोटं बोलतो, आणि खोट्या उत्तरावर रोगनियंत्रण उभं राहत नाही. कोरियातल्या त्या पहिल्या रुग्णाला लोकांनी फार दोष दिला. खरं पाहता तो आजारी माणूस होता, तो उपचार शोधत होता. यादी अपुरी करणारे आणि नावं झाकणारे दुसरेच होते.

म्हणून माझं मागणं एवढंच. केसपेपरवर प्रवासाचा आणि आधीच्या रुग्णालयाचा रकाना कोरा सोडू नका. शंका आली तर वरिष्ठांना, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. ‘इतकी घाई कशाला’ असं ऐकावं लागेल, तरीही. तुम्ही वरिष्ठ व्हाल तेव्हा असं कळवणाऱ्या इंटर्नला, सिस्टरला, आशाताईला झिडकारू नका. आणि स्वतःला ताप असेल तर ड्युटीवर जाणं ही निष्ठा समजू नका. त्या दिवशी रजा घ्या, आणि सहकाऱ्याची रजा मंजूर करताना कपाळाला आठी घालू नका.

नवा विषाणू कधी येईल, कुठल्या प्राण्यातून येईल, हे आपल्या हाती नाही. तो पहिल्या रुग्णावर थांबतो की ब्याऐंशीव्यावर, हे बरंचसं आपल्या हाती आहे. तो पहिला रुग्ण कदाचित तुमच्यापैकीच कुणाच्या तरी रात्रपाळीत येईल. त्या रात्री तुम्ही दमलेले असाल, रांग लांब असेल. तरी विचारा, आणि उत्तर आलं की सांगा.