कच्चा माल, पक्का माल

भूमी, वन, खाण आणि समुद्र यांतून वस्तू मिळविणारे ते प्राथमिक उद्योग आणि त्या वस्तूंना नवे रूप देणारे ते दुय्यम उद्योग, अशी विभागणी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आढळते. यांतला ‘दुय्यम’ हा शब्द मोठा फसवा. कचेरीतला दुय्यम अधिकारी मानाने खालचा असतो. येथे मात्र क्रम काळाचा आहे, मानाचा नव्हे. पैशाचा हिशेब मांडला, तर तो बहुधा उलटाच निघतो. ‘द्वितीयक’ हा पर्याय कानाला जड खरा, परंतु त्यात हा दोष नाही. बाजाराने कच्चा माल व पक्का माल ही सुटसुटीत जोडी केव्हाच पसंत केली आहे.

म्हैसूर संस्थानाला हा भेद चंदनाने शिकविला. चंदनाचे झाड तोडीत नाहीत, मुळासकट उपटतात. कारण मुळांतच तेल अधिक. संस्थानात चंदनावर सरकारची मालकी होती. लाकडाचा लिलाव होई आणि ते जर्मनीसारख्या देशांत जाई. तेल गाळले जाई तिकडे. शंभर भाग लाकडात तेल जेमतेम चार ते सहा भाग. बाकीचे ओझे समुद्रापार कशासाठी न्यावयाचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे कोणाला सुचला नव्हता असे नव्हे, पण लिलावाचा पैसा बिनकष्टाचा होता.

1914 साली महायुद्ध पेटले आणि गिऱ्हाईक नाहीसे झाले. लाकूड वखारींत पडून राहिले. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांचे दिवाण तेव्हा विश्वेश्वरय्या होते, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी तेल गाळण्याचे प्रयोग केले. 1916 साली बंगळूरला काम सुरू झाले आणि पाठोपाठ म्हैसूर शहरात कारखाना उभा राहिला.

येथे व्याख्येची खरी कसोटी लागते. वनखात्याचे लाकूड हा कारखान्याचा कच्चा माल आणि तेल हा पक्का. पण 1918 मध्ये बंगळूरला सरकारी साबण होऊ लागला, तेव्हा तेच तेल साबणवाल्याच्या दारी कच्चा माल ठरले. म्हणजे कच्चेपणा वस्तूच्या अंगी नसतो. तो तिला घेणाऱ्याच्या कामावरून ठरतो. तेल निघून गेल्यावर उरणारा भुसासुद्धा टाकाऊ नव्हे. त्याला मंद वास राहतो, आणि उदबत्ती वळणारे तो विकत घेतात.