समुद्र वाचणारी अधिकारी

उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी... आपल्या पट्ट्याला लष्करी शब्द नवे नाहीत. पण नौदलाकडे स्वतःची विमानं असतात म्हटलं, की आजही कुणीतरी चकित होतंच.

आज आठवण लेफ्टनंट किरण शेखावत यांची. जन्म मुंबईचा, १ मे १९८८चा. वडील नौदलातच, शिक्षण विशाखापट्टणमला. जुलै २०१० मध्ये केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीतून त्या अधिकारी झाल्या. विमान त्या चालवत नसत; त्या ऑब्झर्व्हर होत्या. वैमानिक विमान सांभाळतो आणि ऑब्झर्व्हर रडारच्या पडद्यावर समुद्र वाचतो. कोणतं जहाज, कुठे, कोणत्या दिशेनं? गस्तीच्या विमानाचं खरं काम हेच, नाव मात्र वैमानिकाचंच होतं!

२०१५च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या महिला तुकडीत त्या होत्या. दोनच महिन्यांनी, २४ मार्चच्या रात्री, सरावावर असलेलं त्यांचं डॉर्नियर विमान गोव्याजवळ समुद्रात कोसळलं. युद्ध नव्हतं, समोर शत्रू नव्हता. विमानातले कमांडर निखिल जोशी वाचले. त्यांना मासेमारी बोटीनं बाहेर काढलं. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि किरण गेले. दोन दिवसांनी किरण यांचा मृतदेह सापडला. कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या त्या नौदलाच्या पहिल्या महिला अधिकारी.

१ मेला त्यांना सत्तावीस वर्षं पूर्ण होणार होती.