शब्दांची कोठी

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, असे ज्यांचे चालते त्यांच्या डोक्यात शब्दांच्या कोठ्या किती? एक की दोन? युरिएल वाइनराइख या भाषापंडिताने १९५३ साली आपल्या ग्रंथात याचा ऊहापोह केला होता. पुढे वेल्समधील बँगर विद्यापीठात गिओम तिएरी आणि यान जिंग वू यांनी एक प्रयोग केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मातृभाषा चिनी, पण इंग्रजी चांगली येते, अशा मंडळींना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दिल्या. दोहोंच्या अर्थांचा संबंध आहे की नाही, एवढेच सांगायचे. एक जोडी होती 'ट्रेन' आणि 'हॅम'. हॅम म्हणजे खारवलेली डुकराची तंगडी. आता गाडीचा नि तंगडीचा संबंध काय? काही नाही! पण चिनीत गाडीला म्हणतात 'हुओछे' आणि हॅमला 'हुओथुई'. 'हुओ' म्हणजे आग, 'छे' म्हणजे गाडी. ही तर चक्क आपली आगगाडीच की! काडेपेटीतल्या काडीलाही तिकडे 'हुओछाय', म्हणजे आगीचे सरपण, म्हणतात. आपली आगकाडी आठवली ना?

प्रयोगात त्यांच्या मेंदूतील सूक्ष्म विद्युत्‌लहरी टिपल्या होत्या. चिनी भाषांतरात जिथे असे एक अक्षर दोनदा येई, तिथे लहर निराळी उमटे. चिनी न जाणणाऱ्या इंग्रजांत तसे दिसले नाही. बरे, चिनी शब्द कुणी उच्चारला नव्हता, लिहिला नव्हता. आपल्या आत तो जागा झाला, हे खुद्द त्या मंडळींनाही ठाऊक नव्हते! २०१२ मध्ये याच दोघांना आणखी एक गोष्ट आढळली. अप्रिय अर्थाचा इंग्रजी शब्द आला, की चिनी शब्द जागा होत नसे. परक्या भाषेतली शिवी कमी बोचते, ती यामुळेच की काय, कोण जाणे.

आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द तोंडून गेला, की बाकावर उभे करीत. मीही उभा राहिलो आहे. हे प्रयोग मोठ्या माणसांवर झाले, आपल्या मुलांवर नव्हे, हे खरे. तरी शिक्षकबंधूंना विचारावेसे वाटते, की तोंड बंद केले म्हणून आतला शब्द उठायचा थांबतो का? मी तर हल्ली अवघड इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिला, की विचारतो, "याला तुमच्या घरी काय म्हणतात रे?" आधी सगळे गप्प. मग उत्तर येते, आणि ते बहुधा मागच्या बाकावरून येते.